चार दिवस, दोन मुलं आणि वारा: फाविन्याना बेटावर सायकलने

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. म्युनिकला राहणारं मराठी कुटुंब. मुलगी आठ वर्षांची, स्वतःची सायकल नीट चालवते. मुलगा चार वर्षांचा. बाबा रोज सायकलने ऑफिसला जातात, आईने मात्र लग्नानंतर सायकलला हात लावलेला नाही. जूनमध्ये सांगलीहून सासूबाई येणार आहेत. वय ६६, कॉलेजला सायकलनेच जायच्या. सगळ्यांनी मिळून भूमध्य समुद्रातल्या एखाद्या छोट्या बेटावर चार दिवस जायचंय, मोटार न घेता. सिसिलीजवळच्या फाविन्यानाचं नाव ऐकलंय. तिथे जमेल का, की दुसरं बेट बघावं? आणि घरात कुणी मासे-मटण खात नाही, त्याचं काय?

जमेल, आणि छान जमेल. मी इटलीत राहून मुलांना सायकल शिकवते आणि कुटुंबांच्या अशा छोट्या सहलींबरोबर जाते, तेव्हा मुलं लहान आणि दिवस थोडे असले की फाविन्यानाचंच नाव आधी सुचवते. फक्त एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात पक्की ठेवा. या बेटावर कुठे जायचं हे तुम्ही घरी बसून ठरवायचं नाही, ते रोज सकाळी वारा ठरवतो. ज्यांनी हे मानलं त्यांचे चार दिवस मजेत जातात. म्युनिकहून तक्ता करून आणणाऱ्यांची मुलं दुसऱ्या दिवशी भर दुपारी वाऱ्याशी झगडत रडताना दिसतात.

आधी दुसऱ्या बेटांबद्दल, कारण तुम्ही विचारलंय. स्पेनचं फोर्मेंतेरा सुंदरच आहे, सायकलसाठी आखलेल्या वाटाही भरपूर आहेत. पण तिथे विमानतळ नाही, आधी इबिझा गाठायचं आणि मग बोट. शिवाय बेट ८३ चौरस किलोमीटरचं, आणि पूर्वेकडच्या ला मोला पठारावर जाणारा चढ आठ वर्षांच्या मुलीला जड जाईल. फ्रान्सचं पोर्केरोल मुलांसाठी सर्वांत निर्धास्त, कारण पाहुण्यांना तिथे मोटार नेताच येत नाही. पण राहायच्या जागा मोजक्या आणि महाग, आणि उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की आतल्या वाटा बंद करतात. दिवसभरासाठी जाऊन यायला ते उत्तम. माल्टाच्या गोझोचा विचार मात्र मुलांबरोबर करू नका. चढ-उतार फार, रस्ते अरुंद आणि गाड्या भरपूर.

फाविन्याना सुमारे २० चौरस किलोमीटरचं आहे. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा त्याचा आकार, हे तिथला प्रत्येक माणूस तुम्हाला सांगेल. मधोमध उत्तर-दक्षिण असा एक डोंगर आडवा येतो, मोंते सांता कातेरिना, ३१४ मीटर उंच, माथ्यावर जुना किल्ला. डोंगराच्या पूर्वेचा अर्धा भाग जवळजवळ सपाट. गाव उत्तर किनाऱ्यावर, डोंगराच्या पायथ्याला लागूनच पूर्वेकडे, आणि बोटीचा धक्काही तिथेच. म्हणजे धक्क्यावर उतरलात की खोलीपर्यंत चालत जायचं, आणि गावातून कुठेही निघालात तरी पूर्वेची कुठलीही किनार तीन-चार किलोमीटरच्या पलीकडे नाही. लिदो बुर्रोने दोन किलोमीटरच्या आत, काला रोस्सा तीनेक, काला अझुर्रा चारच्या आसपास. 'काला' म्हणजे छोटी खाडी, हा शब्द तिथे पाट्यांवर सतत दिसेल. मुलगी कंटाळली, मुलाला शू लागली, पाऊस आला, काहीही झालं तरी घर वीस मिनिटांवर. मोठ्या बेटावर हे सुख नाही.

आता वाऱ्याकडे येते.

तिथे वाऱ्यांना नावं आहेत आणि ती घराघरात वापरात आहेत. वायव्येकडून येतो तो माएस्त्राले. आग्नेयेकडून, आफ्रिकेच्या बाजूने येतो तो शिरोको, उष्ण आणि दमट. हे दोन ओळखू आले तरी तुमचे चार दिवस भागतील. माएस्त्राले असला की दक्षिणेचे किनारे शांत असतात, म्हणजे लिदो बुर्रोने आणि काला अझुर्रा. शिरोको सुटला की हेच किनारे खवळतात, आणि तेव्हा उत्तरेची बाजू धरायची. सायकल भाड्याने देणाऱ्याला सकाळी नुसतं विचारा, 'आज मुलांना घेऊन कुठे?' तो आकाशाकडे किंवा धक्क्यावरच्या झेंड्याकडे बघेल आणि हाताने दिशा दाखवेल. माझा अनुभव असा की मोबाइलवरच्या अंदाजापेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवावा.

बहुतेक जण इथपर्यंतच विचार करतात. लहान मुलांसाठी खरा मुद्दा यानंतरचा आहे. शांत किनारा हा नेहमी वाऱ्याच्या आडोशाचा, म्हणजे वारा जिकडे वाहतोय त्या बाजूचा असतो. म्हणून जाताना वारा पाठीशी असतो. मुलगी भन्नाट वेगाने पुढे जाते, सगळे खूश. आणि परत येताना, पोहून दमलेली, ऊन लागलेली, तीच मुलगी समोरच्या वाऱ्यात पॅडल मारत असते. त्यात उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरचा वारा आणखी वाढतो आणि संध्याकाळकडे पडतो. म्हणून माझा नियम साधा आहे: वाऱ्याच्या दिवशी जवळचा किनारा, आणि घरी परत एकतर बाराच्या आत किंवा सहानंतर. मधल्या वेळात एक तर किनाऱ्यावर सावली धरून बसायचं किंवा घरी झोपायचं. माएस्त्राले जोरात असेल तर काला अझुर्राचा मोह टाळा आणि लिदो बुर्रोनेला जा. दोन्ही दक्षिणेला, दोन्ही शांत, पण परतीचं अंतर निम्मं.

किती वारा म्हणजे जास्त? हवामानाच्या अंदाजात सरासरीपेक्षा झोताचा आकडा बघा. झोत ताशी ३५ किलोमीटरच्या वर दाखवत असतील तर मुलीला तिच्या सायकलवर रस्त्यावर आणू नका. पूर्वेच्या सपाटीवर झाडं जवळपास नाहीत. शेतांच्या दगडी कुंपणांचा आडोसा असतो, आणि कुंपण जिथे संपतं तिथे बाजूने झोत आदळतो. मोठा माणूस अंगाच्या वजनाने तो सहन करतो, २५ किलोची मुलगी हातभर सरकते. समोरून स्कूटर येत असताना हे व्हायला नको. अशा दिवशी सायकली गावातच फिरवा.

सायकली तिथेच भाड्याने घ्या. धक्क्यावरून गावात शिरताना दुकानांची रांगच लागते. पाटीवर 'नोलेज्जो' लिहिलेलं असतं. स्वतःच्या सायकली म्युनिकहून नेण्यात अर्थ नाही. सिसिलीच्या किनाऱ्यावरच्या त्रापानी शहराहून जी जलद बोट जाते, अलिस्काफो, तिच्यात सामानालाच जागा कमी असते. मोठी, गाड्या नेणारी बोट, त्रागेत्तो, हिच्या पोटात सायकल सहज ढकलत नेता येते, पण एवढ्याशा बेटासाठी तो खटाटोप कशाला. घरून आणायची ती हेल्मेटं, सगळ्यांची. इटलीत सायकलवर हेल्मेटची सक्ती नाही, त्यामुळे दुकानात मुलांच्या मापाचं चांगलं मिळेलच असं नाही. हेल्मेटमध्ये कपडे भरले की बॅगेत जागाही फारशी जात नाही.

सायकल घेताना घाई करू नका, आणि इथे मला जरा खोलात जायचंय.

तुमची मुलगी जर्मनीत सायकल शिकली. जर्मनीतल्या मुलांच्या सायकलींना बऱ्याचदा मागचा ब्रेक पॅडलमध्येच असतो, पाय उलटा दाबला की चाक थांबतं. तिच्या सायकलला तो आहे का ते आजच बघा. कारण इटलीतल्या भाड्याच्या सायकलींना साधारणपणे फक्त हातातले ब्रेक असतात. अशी मुलं नव्या सायकलवर बसतात, मस्त चालवतात, आणि पहिल्या वळणावर थांबायची वेळ आली की पाय उलटा फिरवतात. पॅडल नुसतंच मागे गरगरतं आणि सायकल जाते तशीच पुढे. त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी फार वेळा बघितलंय. त्याला चूक काय झाली हेच कळत नाही, कारण त्याने थांबायची गोष्ट बरोबर केलेली असते. त्यावर उपाय सोपा आहे. दुकानासमोर किंवा चौकात, गाड्या नाहीत अशा जागी, तिला दहा-बारा वेळा 'थांब' म्हणा. तुम्ही हात वर केलात की तिने दोन्ही हातांनी ब्रेक दाबून थांबायचं आणि एक पाय जमिनीवर टेकायचा. पाय आपोआप उलटा जायचा बंद झाला की मगच गावाबाहेर निघा. आणि तिची बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत पोचतात का तेही बघा. दांडी लांब असेल तर तिथला एक छोटा स्क्रू फिरवून जवळ आणता येते. दुकानदाराला दाखवा, तो दोन मिनिटांत करून देईल.

आजींसाठी वेगळी खबरदारी. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, इटलीत बहुतेक सायकलींना डाव्या हाताला. त्यांचा हात सांगलीच्या सायकलीवर बसलाय. गडबडीत डावा जोरात दाबला तर पुढचं चाक अडकेल. त्यांनाही दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबायची सवय करू द्या. वाहतूक उजवीकडून, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. सीट एवढी खाली हवी की बसल्याबसल्या दोन्ही पाय टेकतील, आणि मधला दांडा नसलेली सायकल घ्या. बॅटरीची सायकल त्यांना द्यावी का? वाऱ्यात तिचा फार उपयोग होतो. पण ती जड असते आणि पॅडलवर पाय ठेवताच पुढे झेपावते, त्यामुळे पहिल्या दिवशी साधी, आणि तोल परत आला असं त्यांनाच वाटलं तर दुसऱ्या दिवशी बॅटरीची. त्यांना नकोच वाटलं तरी काही बिघडत नाही. हंगामात गावातून किनाऱ्यांकडे छोट्या बस जातात, आणि पियाजिओची तीनचाकी ॲपे, जी आपल्याकडे बारामतीत बनते, ती तिथे टॅक्सी म्हणून फिरते. तुम्ही सायकलने आणि आजी ॲपेतून हात हलवत, असा ताफाही छान दिसतो.

मुलाचं वय चार, म्हणजे तो मागच्या खुर्चीत. इटलीच्या कायद्यानुसार प्रौढ माणसाला आठ वर्षांपर्यंतचं मूल सायकलवर नेता येतं, पण अशा खुर्च्यांची मर्यादा साधारण २२ किलोची असते. मुलगा भरदार असेल तर वजन करूनच निघा. त्याला बाबांच्या सायकलवर बसवा, तुमच्या नाही. इतक्या वर्षांनी सायकल हातात घेताना मागे सतरा-अठरा किलोचं हलणारं वजन नको. आणि एक गोष्ट मी प्रत्येक कुटुंबाला सांगते, ती तुम्हालाही: मूल खुर्चीत असताना सायकल स्टँडवर लावून हात सोडायचा नाही, अगदी पाणी काढण्यापुरताही नाही. अशा उभ्या सायकली कलंडूनही मुलांना लागतं. आधी मूल उतरवा, मग स्टँड.

तुम्ही स्वतः जूनपर्यंत म्युनिकमध्ये शनिवार-रविवारी थोडी सायकल काढा. लांब नको, इझार नदीच्या काठाने अर्धा-पाऊण तास पुरे. सरळ चालवता यावी, एक हात सोडून वळण्याची खूण करता यावी, आणि मागे वळून बघताना सायकल भरकटू नये, एवढं जमलं की झालं.

रस्त्यावर क्रम असा ठेवा: पुढे तुम्ही, मध्ये मुलगी, मागे बाबा आणि मुलगा. बाबांनी मुलीच्या थेट मागे न राहता किंचित डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला राहायचं, म्हणजे मागून येणारी गाडी त्यांना आधी बघेल आणि वळसा घालून जाईल. उन्हाळ्यात बाहेरच्या मोटारींवर बेटावर निर्बंध असतात, त्यामुळे गाड्या फार नसतात. त्रास होतो तो भाड्याच्या स्कूटरचा, आणि तोही जुलै-ऑगस्टमध्ये. तुम्ही जूनचा पहिला पंधरवडा धरलात तर हवा, गर्दी आणि किंमती तिन्ही सोयीच्या पडतील. सप्टेंबरही चांगला, पाणी तेव्हा जास्त कोमट असतं, पण मग शाळेचं काय ते तुम्ही बघा.

पहिल्या दिवशी सायकलने कुठेही जायचं नाही असंच मी म्हणेन. सायकली घ्या, ब्रेकचा सराव करा, आणि धक्क्यापलीकडचा तो प्रचंड दगडी कारखाना बघायला जा. त्याच्या कमानी बोटीतूनच दिसतात. पालेर्मोच्या इग्नात्सिओ फ्लोरिओने १८७४ मध्ये फाविन्यानासकट ही एगादी बेटंच विकत घेतली आणि इथे ट्यूना मासे शिजवून तेलात मुरवून डब्यात भरायचा कारखाना वाढवला. दामियानी आल्मेयदा या वास्तुविशारदाने तो उभारला, गावातला फ्लोरिओंचा वाडाही त्याचाच. मे-जूनमध्ये ट्यूनाचे थवे इथून जात, तेव्हा जाळ्यांच्या खोल्यांमागून खोल्या करून त्यांना अडवत आणि शेवटच्या जाळ्यात मारत. ही मात्तांझा २००७ मध्ये शेवटची झाली. आज तिथे संग्रहालय आहे: भट्ट्या, नांगर, लांबलचक काळ्या नावा, आणि जुन्या कामगारांनी सांगितलेल्या आठवणींची चित्रफीत. शाकाहारी घराला हे बघायला बरं वाटेल का, असं मला विचारतात. मी म्हणते जरूर बघा. सगळं गाव पिढ्यानपिढ्या त्यावर जगलं. मुलीला मात्र आधी सांगून ठेवा की चित्रफितीत मासेमारी दिसेल. नको असेल तर तेवढा भाग सोडता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडे निघा. वारा कमी असेल तर काला रोस्साच्या वाटेने जा आणि काला अझुर्राला पोहायला थांबा. या बाजूचं खरं वैभव समुद्र नव्हे, दगडाच्या खाणी आहेत. इथला पिवळसर पांढरा मऊ दगड शेकडो वर्षं हाताने कापून सिसिलीत आणि ट्युनिशियापर्यंत जात होता. सायकलवरून जाताना रस्त्याच्या कडेला अचानक चौकोनी खड्डे दिसतात, दोन-तीन मजले खोल, भिंती सरळसोट, आणि खाली तळाशी कुणाची तरी लिंबा-डाळिंबाची बाग. जमिनीवर वाऱ्यामुळे झाडं धरत नाहीत, म्हणून लोकांनी सोडून दिलेल्या खाणींच्या तळाशी बागा केल्या. बुए मारिनो नावाच्या किनाऱ्यावर तर खाण थेट समुद्रात उतरते. तिथे थांबून मुलीला भिंतीवर हात फिरवू द्या. टिकावाच्या घावांच्या बारीक तिरक्या रेघा ओळीने दिसतात, प्रत्येक ठोकळ्याच्या उंचीला एक आडवी खाच, आणि दगडात अडकलेले शिंपल्यांचे तुकडे बोटाला लागतात. समुद्राच्या तळाशी साठलेल्या वाळू-शिंपल्यांचाच हा दगड झाला, हे तिला पुस्तकापेक्षा तिथे पटकन कळेल.

पण इथेच सगळ्यांत जास्त सांभाळायचं. खाणींच्या कडांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. सायकली रस्त्यावरच लावा, आणि मुलाचा हात एका मोठ्या माणसाने धरून ठेवायचा, फोटो दुसऱ्याने काढायचे. काला रोस्सा जगप्रसिद्ध आहे, पाण्याचा रंग बघून पाय निघत नाही हे खरं. पण तिथे वाळू नाही, खाली जायचं ते दगडांवरून उतरत. चार वर्षांच्या मुलाला घेऊन मी तिथे उतरणार नाही. वरून बघा. ख्रिस्तपूर्व २४१ मध्ये या बेटांपाशी रोमनांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचं आरमार बुडवलं आणि या दोघांमधलं पहिलं प्यूनिक युद्ध संपलं. त्या दिवशीच्या रक्ताने खाडी लाल झाली म्हणून हे नाव ('रोस्सा' म्हणजे लाल), असं लोक सांगतात. नाव लोककथेतलं असेल, पण लढाई खरी. शेजारच्या लेवान्झो बेटाजवळच्या समुद्रतळातून त्या जहाजांच्या नाळेवरचे कांस्याचे सुळके अलीकडच्या वर्षांत वर काढलेत.

पोहायला मुलांसाठी लिदो बुर्रोने सर्वांत चांगलं: वाळू, उथळ पाणी, छत्र्या, खायला काहीतरी. काला अझुर्रा त्याहून देखणं पण लहान. किनाऱ्यावर कधीकधी तपकिरी, वाळलेल्या पट्ट्यांसारख्या पानांचे ढीग दिसतील. त्याला कचरा समजून नाक मुरडू नका. ती पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची पानं आहेत. तिचे मळे आहेत म्हणून पाणी एवढं नितळ आहे, आणि हे ढीग वाळू वाहून जाऊ देत नाहीत. १९९१ पासून या बेटांभोवतीचा सुमारे ५४० चौरस किलोमीटर समुद्र राखीव आहे. शिंपले, वाळू, दगड बॅगेत भरून आणायचे नाहीत, हे मुलांना आधीच सांगा.

पश्चिमेकडे पुन्ता सोत्तिलेच्या दीपगृहापर्यंतची फेरी मी शांत वाऱ्याच्या संध्याकाळसाठी राखून ठेवते. गावातून जेमतेम सहा किलोमीटर, पण वाटेत डोंगर पोखरून काढलेला बोगदा लागतो. इटलीत बोगद्यातून जाताना सायकलस्वाराने चमकणारं जाकीट घालणं कायद्याने बंधनकारक आहे, दिवसासुद्धा. गावाबाहेर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने चालवतानाही तेच. तेव्हा हेल्मेटांबरोबर सगळ्यांसाठी जाकिटंही आणा, मुलाच्या मापाचंही, आणि दिवे चालू आहेत ना ते दुकानातच बघा. बोगद्यात मुलीने बाबांच्या शेजारी नाही, पुढेच राहायचं. पलीकडे गेल्यावर वस्ती अगदी विरळ होते, दुकान नाही, म्हणून प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी गावातूनच घ्या. पूर्वेलाही हाच हिशोब धरा, सावली कुठेच नाही. डोंगरावरच्या किल्ल्याचा नाद या खेपेला सोडा. तो चालत चढायचा आहे आणि उन्हात मुलांचं काम नव्हे.

एक दिवस सायकलला सुट्टी द्या, हाही आग्रहच समजा. मुलीचे पाय आणि तुमचं बूड दोन्हीला ती लागेल. जलद बोटीने लेवान्झोला दहा मिनिटांत जाता येतं. धक्क्याभोवती मूठभर पांढरी घरं, पोहायला खडकाळ जागा, आणि जेनोवेझेची गुहा, जिच्यात अश्मयुगातली हरणं, घोडे कोरलेले आहेत. १९४९ मध्ये ही कोरीव चित्रं उजेडात आली. गुहा वाटाड्याबरोबरच आणि आधी नोंदणी करूनच बघता येते.

जेवणाचं म्हणाल तर अजिबात उपाशी राहणार नाही. बेट माशांचं असलं तरी मुख्य भूमीवरचा त्रापानीचा परिसर भाज्या, बदाम, टोमॅटोचा आहे. बुझ्याते नावाच्या पिळदार पास्त्यावर तिथलं पेस्तो, म्हणजे वाटलेली चटणी, मागा, बदाम, टोमॅटो, लसूण आणि तुळशीच्या जातीच्या बासिलचं. पाने कुन्झातो म्हणजे तेल, टोमॅटो, ओरेगानो, चीज घालून भरलेला पाव. सायकलच्या बास्केटमध्ये दुपारच्या शिदोरीला याच्यासारखं काही नाही. त्यात खारवलेले छोटे मासे घालायची पद्धत आहे, म्हणून 'सेंझा अच्चूगे' हे दोन शब्द पाठ करा. कापोनाता, म्हणजे वांग्याची आंबट-गोड भाजी, मिळेल. आणि आजींना पानेल्ले जरूर द्या: हरभऱ्याच्या पिठाचं घट्ट पिठलं थापून, वड्या पाडून तळलेलं, आपली पाटवडी तेलात सोडावी तसं. सकाळी बदामाची बर्फाळ ग्रानीता आणि ब्रिओश नावाचा गोडसर मऊ पाव, मग दुपारपर्यंत मुलं काही मागत नाहीत. तुम्ही अगदी कडक पाळत असाल तर लक्षात ठेवा की पेकोरिनो आणि पार्मेझान या चीजमध्ये दूध जमवण्यासाठी प्राण्यांच्या पोटातलं रेनेट असतं. ताज्या रिकोताबद्दलही विचारूनच घ्या. स्वयंपाकघर असलेली जागा बघा. एक कुकर-मसाला-डाळ एवढं सामान असलं की रात्रीचा वरणभात होतो, आणि आजी निश्चिंत असतात. दुकानं दुपारी चार-पाच वाजेपर्यंत बंद असतात, खरेदी सकाळीच उरका.

पोचण्यासाठी त्रापानीचा विमानतळ शहरापासून पंधराएक किलोमीटरवर. तिथलं विमान सोयीचं नसेल तर पालेर्मोला उतरा. विमानतळावरून त्रापानीला बस तासाभरात नेते. तिथून जलद बोट अर्ध्या-पाऊण तासाची. आजींचा जर्मनीचा शेंगेन व्हिसा इटलीत चालतो, फक्त पासपोर्ट बरोबर हवा, कारण राहायच्या ठिकाणी प्रत्येकाची नोंद करून घेतात.

परतीचं मात्र नीट जुळवा. वारा वाढला की पहिल्यांदा जलद बोटी बंद होतात. मोठ्या बोटी बराच वेळ तग धरतात, पण समुद्र फारच उसळला तर त्याही थांबतात. जूनमध्ये हे क्वचित होतं, तरी विमान ज्या दिवशी आहे त्याच दिवशी बेटावरून निघायचं ठरवू नका. शेवटची रात्र त्रापानीत काढा. चार दिवसांतला एक कमी होतो हे मान्य, पण त्रापानीच्या दक्षिणेला मिठागरं आणि जुन्या पवनचक्क्या आहेत, संध्याकाळ मोकळी जाणार नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच दुकानदार म्हणाला की उद्या माएस्त्राले जोरात आहे, तर त्याच संध्याकाळी मोठ्या बोटीची तिकिटं काढा. सायकलींच्या उरलेल्या दिवसाचे पैसे परत मागायला संकोच करू नका. वाऱ्याचं कारण तिथे सगळ्यांना कळतं.